शिकागोचा बातमीदार आणि भिंतीवरचे स्वस्तिक

मुंबईतल्या एका मराठी दैनिकात मी अनेक वर्षे रात्रपाळीला उपसंपादकाचे काम करीत आहे. त्यामुळे ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या जुन्या अमेरिकी मालिकेत मला भुताखेतांच्या आधी वृत्तपत्राचे कार्यालय दिसले. एबीसी वाहिनीवर १३ सप्टेंबर १९७४ रोजी सुरू झालेली ही मालिका २० भाग दाखवून २८ मार्च १९७५ रोजी संपली. त्याआधी, १९७२ आणि १९७३ साली, कार्ल कोलचॅक या बातमीदारावरचे दोन दूरचित्रवाणी चित्रपट गाजले होते, पण मालिकेला तसा प्रेक्षक लाभला नाही, आणि नायकाची भूमिका करणारे डॅरेन मॅकगॅविन यांनाही त्या कामातून मोकळे व्हायचे होते. लोकांनी तिला खरे आपलेसे केले ते पुढे, पुनःप्रसारणांतून. ‘द एक्स-फाइल्स’ या नंतरच्या गूढ मालिकेचे जनक क्रिस कार्टर यांनी तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आणि मॅकगॅविन यांना आपल्या मालिकेत भूमिकाही दिली.

कोलचॅक शिकागोतल्या एका वृत्तसंस्थेत काम करतो. फिकट सुती सूट, गवती टोपी, पायांत पांढरे कापडी बूट, गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला टेपरेकॉर्डर अशा वेशात तो गुन्ह्याच्या जागी पोचतो, पोलीस ज्याला साधा खून म्हणतात त्यामागे काहीतरी अमानवी आहे हे शोधून काढतो, जिवावर उदार होऊन त्याचा नायनाटही करतो, आणि अखेरीस त्याच्या हाती छापण्याजोगा एकही पुरावा उरत नाही. त्याचे संपादक टोनी व्हिन्सेंझो त्याच्यावर ओरडतात, पण त्याला काढून टाकत नाहीत. सायमन ओकलंड यांनी हे काम इतके जिवंत केले आहे की त्यांचा आवाज चढला की मला आमच्या डेस्कवरचे साडेअकराचे वातावरण आठवते. हाती आलेली बातमी खरी असूनही ती छापली जात नाही तेव्हा बातमीदाराला काय वाटते, हे या मालिकेने जितके नेमके दाखवले आहे तितके मी दुसऱ्या कोणत्याही भयमालिकेत पाहिलेले नाही.

माझ्या मते सर्वोत्तम भाग ‘हॉरर इन द हाइट्स’ हा आहे, कारण त्यातला खलनायक आपल्याकडचा राक्षस आहे. वृद्ध ज्यू लोकांच्या एका गरीब वस्तीत माणसांची कुरतडलेली प्रेते सापडू लागतात, पोलीस उंदरांकडे बोट दाखवतात, आणि त्याच सुमारास वस्तीतल्या भिंतींवर कोणीतरी स्वस्तिके काढू लागते. लहानपणी गिरगावातल्या आमच्या चाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई उंबऱ्याशी कुंकवाने स्वस्तिक काढत असे आणि त्याच्या चार घरांत बोटाने एकेक ठिपका देत असे. तेच चिन्ह पाहून फिल सिल्व्हर्स यांनी रंगवलेला ज्यू म्हातारा नाझी आले म्हणून संतापतो, आणि वस्तीच्या रक्षणासाठी ते काढणारा, राक्षसाच्या मागावर असलेला वृद्ध हिंदू शिकारी गुन्हेगार ठरतो. दोघांपैकी एकाचेही चुकत नाही, हे लेखक जिमी सँगस्टर यांनी फार समंजसपणे मांडले आहे. हा राक्षस ज्याच्यासमोर जातो त्याच्या सर्वांत विश्वासातल्या माणसाचे रूप घेतो. अभिमंत्रित बाण लावलेले क्रॉसबो, म्हणजे चापाने सोडायचे आडवे धनुष्य, घेऊन कोलचॅक अंधाऱ्या गल्लीत उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर कार्यालयातल्या प्रेमळ, म्हाताऱ्या मिस एमिली येतात आणि तो नेम धरतो, त्या क्षणी माझ्या घशाला कोरड पडली.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक भागाचा साचा तोच असल्यामुळे सलग चार भाग पाहिले की कंटाळा येतो. राक्षसाचा केसाळ पोशाखही उजेडात टिकत नाही. मात्र ‘द झॉम्बी’ या भागात भंगारात टाकलेल्या गाडीत झोपलेल्या प्रेताच्या तोंडात मीठ भरून त्याचे ओठ सुईदोऱ्याने शिवायला कोलचॅक वाकतो, ते दृश्य कमी उजेडात आणि जवळजवळ नीरव शांततेत चित्रित केले आहे, आणि तिथे खर्चाची कमतरता कुठेही जाणवत नाही.

किनो लॉर्बर या कंपनीने २०२१ मध्ये काढलेला ब्लू-रे संच मी मागवला. चित्र स्वच्छ आहे आणि रात्रीच्या दृश्यांतला काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालावी अशी बांधलेली असू शकते आणि अमेरिकेतल्या डिस्कचा विभाग भारताच्या विभागाहून वेगळा असतो, ही गोष्ट मला विक्रेत्याने सांगितली नाही, आणि घरच्या प्लेअरने डिस्क घेतलीच नाही. सर्व विभाग चालवणारा प्लेअर मिळेपर्यंत संच दोन महिने कपाटात पडून राहिला. तेव्हा आधी प्लेअर तपासावा, मगच पैसे भरावेत, आणि सुरुवात पहिल्या भागाने न करता राक्षसाच्या भागाने करावी.