सरकत्या पल्ल्यांच्या खिडक्या: चौदा महिन्यांनंतर (आणि जाता जाता शेल्याबद्दल)

मागच्या पंधरवड्यात रात्री दीड वाजता वावधन, म्हणजे वादळी पाऊस, आलं आणि अर्ध्या तासात मधल्या खोलीतल्या खिडकीखालचं तुरीचं पोतं ओलं झालं. खिडकी बंद होती, लॉक लागलेलं होतं, काचेला तडा नव्हता. पाणी खालच्या पट्टीतून दूध उतू जावं तसं आत येत होतं. बॅटरीच्या उजेडात मी ते पाहत उभी राहिले आणि मला रडूच आलं, कारण गेल्या पावसाळ्यात याच खिडक्यांचं कौतुक मी गावभर केलं होतं. माझ्या सांगण्यावरून दोन घरांनी त्या बसवल्यासुद्धा. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

या खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या. त्यात जास्त वेळ घालवत नाही. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, घर शेताला लागून. गेल्या वर्षी मार्चमध्ये तीन खिडक्या बसवल्या, प्रत्येकी ५ फूट बाय ४ फूट, अडीच ट्रॅकच्या (ट्रॅक म्हणजे पल्ला सरकायची खाच): दोन काचेचे पल्ले, एक जाळीचा. तिन्ही मिळून ३९ हजार गेले. त्याआधी आजेसासऱ्यांच्या वेळच्या सागवानी खिडक्या होत्या. दोन चौकटींना खालून वाळवी लागली नसती तर मी त्या काढू दिल्या नसत्या.

कोटेशनवर पल्ल्याला ‘सॅश’ लिहिलं होतं. त्याच आठवड्यात नणंदेच्या नातीसाठी मागवलेल्या फ्रॉकच्या खोक्यावरही ‘सॅश’ हाच शब्द, तिथे कमरेला बांधायच्या पट्टीसाठी. एकाच शब्दाने खिडकी आणि फ्रॉक दोन्ही कसे, म्हणून मुलाला विचारलं. तो इंग्रजी शिकवतो. त्याने सांगितलं ते मला फार आवडलं. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. खिडकीचा सॅश फ्रेंच ‘शासी’वरून आला, म्हणजे चौकट. ट्रॅक्टर-ट्रकची चॅसी ती हीच. इंग्रजांना शासी हे अनेकवचन वाटलं, म्हणून त्यांनी शेवट छाटून सॅश केलं. कमरेचा सॅश अरबी ‘शाश’वरून, म्हणजे पागोट्याचं तलम कापड. आपल्याकडे ‘पल्ला’ही असाच दोन्हीकडे चालतो. दाराखिडकीचा पल्ला आहेच, आणि इकडच्या हिंदी-मराठी बोलण्यात साडीच्या पदरालाही सर्रास पल्ला-पल्लू म्हणतात. मुलगा असंही म्हणाला की इंग्लंडमध्ये जुन्या खिडक्यांचे पल्ले आडवे नाही, खालीवर सरकत. चौकटीच्या आत दोरी, कप्पी आणि वजन लपवलेलं असे, त्यामुळे पल्ला जिथे सोडला तिथे थांबायचा. हे ऐकल्यावर मला पॅसेंजर गाडीतली ती वर उचलायची झडप आठवली. तिला वजन नसतं, खटका नीट बसला नाही की सरळ बोटांवर येते.

आता खिडक्यांबद्दल.

पहिल्या उन्हाळ्यातच एक गोष्ट खटकली. आमच्याकडे कूलर खिडकीला लावतात. बाहेर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, तोंड खिडकीत. जुन्या सागवानी खिडकीला चार पल्ले होते, दोन खाली, दोन वर. खालचे उघडून कूलरचं तोंड बसवायचं, वरचे लावून घ्यायचे, झालं काम. सरकता पल्ला खालपासून वरपर्यंत अखंड. तो सरकवला की खिडकीची अर्धी रुंदी पूर्ण उंचीभर उघडी पडते आणि कूलरच्या डोक्यावर दोन फुटांचं भगदाड राहतं. पारा ४५-४६वर गेलेला असताना त्यातून गरम झळ खोलीत येते. उरलेला अर्धा भाग तर कधी उघडतच नाही, कारण एक पल्ला नेहमी दुसऱ्याच्या मागे असणार. सासूबाई बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, “अर्धीच उघडते त पूर्णीचे पैसे कायले देल्ले वं?” तेव्हा मी त्यांना गप्प केलं होतं. त्यांचं बरोबर होतं.

ते भगदाड मी दुपट्ट्याने बंद केलं. घरधन्याचा शेतात डोक्याला बांधायचा पांढरा सुती दुपट्टा, दुहेरी करून, ग्रिलच्या वरच्या गजाला गाठ मारून खाली सोडला आणि कडा कूलरच्या टपाखाली दाबल्या. दुपारी त्यावर तांब्याभर पाणी शिंपडायचं. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, दिवस त्याच्यावर निघाले. प्लायचा तुकडा कापून लावता आला असता, पण प्लाय ओला झाला की पापुद्रे सुटतात, दुपट्टा मात्र धुवून परत डोक्याला बांधता येतो.

पावसाळ्यात या खिडक्यांनी मन जिंकलं, हे मान्य केलंच पाहिजे. सागवानी पल्ले आषाढात फुगायचे, कडी बसायची नाही, श्रावणात दोघांनी मिळून ढकलावे लागायचे. इथे जुलै-ऑगस्टच्या झडीत एक थेंब आत आला नाही. रात्रभर झड चालली तरी पत्र्याचा आवाज अर्ध्यावर यायचा, कारण पल्ल्याच्या कडेची रबरी पट्टी काचेला घट्ट धरते आणि ब्रशची पट्टी फट भरते. डासही कमी झाले. ऑगस्टमध्ये मला कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं, आणि तसं म्हटलंही.

मग कापूस आला.

ज्यांच्याकडे कापूस घरात साठवतात त्यांनी पुढचं नीट वाचावं. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत आमच्या ओसरीत आणि पुढच्या खोलीत कापूस असतो. रुईचे तंतू हवेत सतत तरंगतात. ते ब्रशच्या पट्टीत अडकतात, तिथून खालच्या ट्रॅकमध्ये पडतात, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि थोडा ओलावा मिळाला की त्याचा चक्क नमदा तयार होतो. आणि तो जाऊन बसतो नेमका पाणी जायच्या भोकात.

या भोकाबद्दल दुकानात मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाऊस येणारच, ते धरूनच ती बनवतात. ट्रॅकच्या तळाला इंचभर लांब, काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडी रुंद अशी फट असते. त्यातून पाणी चौकटीच्या पोकळीत उतरतं आणि बाहेरच्या अंगाच्या दोन फटींतून निघून जातं. आतली आणि बाहेरच्या फटी मुद्दाम एकमेकींसमोर ठेवत नाहीत, म्हणजे वारा पाणी उलटं आत ढकलत नाही. ३९ हजारांच्या खिडक्यांचं कोरडेपण असल्या चिरांवर अवलंबून आहे. त्या बुजल्या की ट्रॅक म्हणजे पन्हाळ, आणि पन्हाळ भरली की पाणी घरात.

हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं. सकाळी दुकानात फोन लावला. प्रोफाइलला (चौकटीच्या प्लास्टिक पट्ट्यांना) दहा वर्षांची हमी, हार्डवेअरला (लॉक, रोलर वगैरे) एक वर्षाची, आणि पाणी येणं या दोन्हीत बसत नाही, असं उत्तर मिळालं. भेटीचे ६०० रुपये वेगळे. नऊ दिवसांनी एक मुलगा आला. त्याने ट्रॅक पाहिला नाही, बोट घालूनसुद्धा पाहिलं नाही. सिलिकॉनची बंदूक काढली, चौकटीच्या बाहेरच्या कडेने सरळ पांढरी रेघ ओढली आणि निघून गेला. ती रेघ बाहेरच्या दोन्ही फटींवरून गेली होती. म्हणजे पाण्याला जी थोडीफार वाट उरली होती तीही त्याने बुजवली. तीन दिवसांनी सरी आल्या आणि या वेळी पाणी दुप्पट वेगाने आत आलं. फोनवर मी आवाज चढवला. समोरून “मॅडम, तुमच्याकडे वाराच जास्त आहे” असं ऐकायला मिळालं. ६०० रुपये परत मागितले, ते अजून आलेले नाहीत, आणि मी ते सोडणार नाही.

शेवटी मी स्वतःच बसले. ब्लेडने बाहेरचं सिलिकॉन फटींपुरतं कापलं. पल्ला उचलून काढला (दोघं लागतात, काच जड असते), फड्याची काडी घेतली आणि आतल्या फटीतून तो नमदा ओढून काढला. करंगळीएवढी राखाडी, ओली वात निघाली, एका टोकाला अजून पांढरी रुई दिसत होती. मग तांब्याने ट्रॅकमध्ये पाणी ओतलं. ते घरघर करून खाली गेलं आणि बाहेरच्या भिंतीवरून दोन धारांनी वाहिलं. सासूबाई बाहेर उभ्या होत्या, त्यांनी आतपर्यंत ऐकू येईल असं सांगितलं, “निंगालं वं पाणी!” तो आवाज ऐकून मला जे समाधान वाटलं ते खिडक्या नव्या बसवल्या त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तर मत बदलते आहे. हा दोष खिडकीचा कमी, विकणाऱ्याचा जास्त. वर्षातून दोनदा, एकदा कापूस घरातून गेल्यावर आणि एकदा मिरगाच्या आधी, फटी साफ करा. दहा मिनिटांचं काम आहे. बसवून घेताना कारागिराला ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतायला लावा आणि बाहेर जाऊन धार बघा. धार दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

दुसरं मतही बदललं. एप्रिलपासून दुपारी पल्ला अडायचा. रोलर, म्हणजे पल्ल्याखालची चाकं, गेले असं समजून मी ते बदलायला निघाले होते. मग लक्षात आलं की पहाटे पाचला तोच पल्ला एका बोटाने सरकतो. हे प्लास्टिक उन्हाने वाढतं, ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. दीड मीटरच्या पट्टीत ३० अंशांच्या फरकाने तीन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि बसवताना तेवढी जागा सोडलेली नसेल तर पश्चिमेची खिडकी दुपारी हटून बसते. लाकूड पावसात फुगतं, हे उन्हात. रोलर चांगलेच आहेत. मी विनाकारण पैसे घालवणार होते.

आता कापडाचं. फ्रॉकच्या सॅशबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चकचकीत सॅटिन, फुलपाखरासारखी गाठ मारली की दहा मिनिटांत सुटायची, आणि बाजूचे धाग्याचे लूप वाढदिवसाच्या दिवशीच तुटले. आता ती पट्टी बकरीच्या पिलाच्या गळ्यात आहे आणि तिथे बरी टिकली आहे.

पण कमरेला बांधलेल्या कापडाकडे मी या वर्षी वेगळ्या नजरेने पाहिलं. कापूस वेचताना आम्ही बाया जुन्या लुगड्याचं कापड कमरेला बांधून पुढे ओटी करतो. एक गाठ मागे, दोन टोकं खोचलेली. त्यात चार-पाच किलो कापूस मावतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि दिवसभर वाकून-उठूनही गाठ हलत नाही. मुलगा सांगत होता की जुन्या युरोपी फौजांत अधिकाऱ्यांचा शेला इतका रुंद आणि मजबूत विणलेला असे की जखमी अधिकाऱ्याला त्यात घालून उचलून नेत. ते ऐकून मला नवल वाटलं नाही. आमच्या ओटीला भार पेलणं रोजचं आहे. इंग्रजांचा ‘कमरबंड’ आपल्या ‘कमरबंद’वरूनच गेला, आणि कचेरीतल्या शिपायाला पट्टेवाला म्हणायचे ते त्याच्या अंगावरच्या पट्ट्यावरून, ज्यावर पितळी बिल्ला असायचा. पट्टा पाहिला की माणूस कुठल्या कचेरीचा ते कळायचं.

तिसरी खरेदी म्हणजे टसरचा शेला, करवती काठाचा. भंडारा जिल्ह्यातल्या विणकराकडून समोर बसून घेतला. अंग टसरचं, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांचं, मधासारख्या रंगाचं. काठ सुती, करवतीच्या दात्यांसारखा. काठ आणि अंग एकमेकांत अडकवायला एकाच वेळी तीन धोटे चालवावे लागतात. मी तासभर पाहत बसले होते, तेवढ्या वेळात जेमतेम वीतभर काम पुढे सरकलं. नणंदेच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या खांद्यावर हाच शेला होता. टसर खरखरीत असतं, म्हणून नवरीच्या शालूशी मारलेली गाठ सप्तपदीत आणि नंतर पाया पडताना एकदाही सैल झाली नाही. चौदा महिन्यांत चार लग्नं, दोन वास्तुशांती, एकही दाता निसटलेला नाही. फक्त घामाचा डाग लवकर बसतो, त्यामुळे वापरल्यावर सावलीत वाळवूनच घडी घाला.

खिडक्यांचं पुढे काय, तर पूर्वेच्या आणि उत्तरेच्या तशाच राहतील. पश्चिमेची, जिथे कूलर लागतो ती, मी काढून घेते आहे. तिथे बिजागरीचे चार पल्ले बसवायचे, दोन खाली, दोन वर, आणि त्यासाठी जुन्या सागवानातले चांगले उरलेले दोन पल्ले कोठ्यातून काढून ठेवले आहेत. सुतार सोमवारी, बाजाराच्या दिवशी, माप घ्यायला येतो म्हणाला. तोपर्यंत दुपट्टा ग्रिलला बांधलेलाच आहे.