वर्गात काय बरं: १६ मिमी फिल्म की व्हिडिओ?

कोडॅकनं १९२३ साली १६ मिमी फिल्म आणली. ती सहज पेट घेत नसे, म्हणून शाळांपर्यंत पोचू शकली. पण चारशे फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं, खोलीत अंधार करावा लागायचा आणि फिल्म अडकली की दिव्याच्या उष्णतेनं तेवढी चौकट वितळायची. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: अख्खा वर्ग एकाच पडद्याकडे बघायचा. मोबाईलवर ते होत नाही.

व्हिडिओची खरी ताकद थांबण्यात आहे. रावेर-यावलच्या पोरांना केळफूल रोजचंच. पण त्याची लाल पानं एकेक करून मागे वळतात आणि आतली फणी उघडी पडते, हे काही दिवसांचं काम मिनिटभरात दाखवता येतं. फिल्मही हे दाखवायची. मात्र "सर, परत दाखवा ना" म्हटलं की रीळ गुंडाळत बसा. व्हिडिओत बोट मागे सरकवलं की झालं.

१९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले, पण तिथं वेळ त्यांची, आपली नाही.

धडगावकडच्या पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांसाठी तर मी डोळे झाकून व्हिडिओच निवडेन. आवाज बंद करायचा, चित्र थांबवायचं, मुलांच्या बोलीत विचारायचं, मग पुढं जायचं. फक्त तो आधी डाऊनलोड करून ठेवा आणि मोठ्या पडद्यावर लावा. सातपुड्यात रेंजचा भरवसा धरू नका.