रेडिस ८, व्हॅल्की की जुनंच बरं?

गेल्या महिन्यात महापेहून एक जुना सहकारी वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात आला. तळोज्याच्या कारखान्यांना त्याची कंपनी स्टॉकचं सॉफ्टवेअर सर्व्हरसकट बसवून देते, आणि त्यात आत रेडिस ७.२ (डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारा डेटाबेस), असं त्याचं म्हणणं. "लायसन्स बदललं म्हणे, आता पैसे भरायचे का?" एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, पैशाचं राहू दे. तुझ्या व्हर्जनला पॅच (बगची दुरुस्ती) कोण देणार आणि कोडला हात लावून तो गिऱ्हाइकाला देता येणार का, हे आधी बघ.

मार्च २०२४ पर्यंत रेडिस बीएसडी लायसन्सखाली होतं: कॉपीराइटची नोंद ठेवा, बाकी हवं ते करा. ७.४ पासून कंपनीने आरएसएएल आणि एसएसपीएल ही जास्त अटी घालणाऱ्या लायसन्सची जोडी आणली. रोख होता रेडिसची सेवा विकणाऱ्या क्लाउडवाल्यांवर. आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ७.२.४ मधून व्हॅल्कीचा फाटा फुटला, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प सुरू झाला, आणि तो बीएसडीच राहिला. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा, म्हणजे सोर्स खुला ठेवायला लावणाऱ्या लायसन्सचा, तिसरा पर्याय जोडला गेला.

आधी जुन्याचं बोलू, कारण बहुतेकांचा कल "चाललंय ना, राहू दे" असाच असतो. बीएसडीखाली मिळालेला कोड बीएसडीच राहतो, तो कुणी परत मागू शकत नाही. अडचण देखभालीची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुआ स्क्रिप्टिंगमधला (रेडिसच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) एक बग बाहेर आला. कोडमध्ये सुमारे १३ वर्षं पडून होता, आणि गांभीर्य १० पैकी १०. तेव्हा रेडिसने ७.२ च्या शाखेलाही पॅच दिला, व्हॅल्कीनेही दिला. पण उद्या ७.२ ला पॅच येणं थांबलं तर? नव्या एजीपीएल कोडातून दुरुस्ती उचलून आपल्या बीएसडी प्रतीत चिकटवायची आणि वर बीएसडीच म्हणायचं, हे चालणार नाही. मग दुरुस्ती स्वतः लिहा. छोट्या टीमला हे झेपत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

उरले दोघे. रेडिस ८ एजीपीएलखाली घेतलं आणि न बदलता आपल्याच सर्व्हरवर चालवलं, तर व्यवहारात काहीच बिघडत नाही. बदल करून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलं, तर बदललेला सोर्स त्या लोकांना उपलब्ध करून द्यावा लागतो. आणि तळोज्यासारखं खोक्यात घालून दिलं, तर न बदललेल्या रेडिसचाही सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. तुमचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेडिसशी फक्त नेटवर्कवरून बोलतं, तेवढ्याने ते एजीपीएलखाली येत नाही असा सर्वसाधारण अर्थ लावतात. तरी मोठ्या गिऱ्हाइकांचे वकील एजीपीएलचं नाव ऐकून फाइल बाजूला ठेवतात. व्हॅल्कीत हा प्रश्नच नाही: नोंद ठेवा, बदला, विका.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आता रस्ता एकतर्फी आहे. व्हॅल्कीतली दुरुस्ती रेडिस घेऊ शकतं, पण रेडिस ८ मधली व्हॅल्कीला बीएसडी राहून घेता येत नाही. म्हणून दोघं दर वर्षी लांब जाणार. हॅशमधल्या (एकाच नावाखाली ठेवलेल्या अनेक फील्डच्या गटातल्या) एकेका फील्डला मुदत लावणं रेडिसमध्ये ७.४ लाच आलं, व्हॅल्कीला त्यासाठी ९.० पर्यंत थांबावं लागलं. सर्च, जेसॉन, टाइम सिरीज रेडिस ८ मध्ये आतच मिळतात. व्हॅल्कीत सर्च आणि जेसॉनची वेगळी मॉड्यूल्स आहेत. ज्याचं काम सर्चवर उभं आहे आणि सर्व्हर स्वतःचाच आहे, त्याने मी म्हणेन रेडिस ८ घ्यावं. बाकीच्यांनी व्हॅल्की. फेडोरा ४१ आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० या लिनक्सच्या आवृत्त्यांनीही रेडिसऐवजी व्हॅल्कीच घेतलं, त्यामुळे तिथे पॅच नेहमीच्या अपडेटबरोबर येतो.



७.२ वरून व्हॅल्कीवर जाणं सोपं आहे: डेटा फाइल तीच चालते, कमांड त्याच, क्लायंट लायब्ररीही तीच. ७.४ वर गेलात की मात्र तिथली डेटा फाइल व्हॅल्की उघडत नाही. आमच्या मित्राचा घोळ इथेच निघाला. डॉकरच्या (तयार सॉफ्टवेअर उतरवून चालवणाऱ्या साधनाच्या) फाइलीत त्याने नुसता "रेडिस ७" असा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लिहिला होता, आणि तो टॅग केव्हाच ७.४ वर सरकला होता. त्याच्या तीन कारखान्यांत लायसन्स कुणाच्या सहीशिवाय बदललं होतं. दोन ठिकाणी रेडिस फक्त कॅश (पुन्हा भरता येणारा तात्पुरता साठा) म्हणून आहे, तिथे रिकामं व्हॅल्की चालू करून मोकळं व्हायचं. तिसरीकडे रांगेतल्या ऑर्डर त्यातच आहेत, त्या एकेक की (नोंद) करून हलवाव्या लागतील. त्यासाठी त्याने रविवारची सुट्टीची पाळी मागून घेतली आहे.