कोहा: तीन वर्षं वापरल्यावर, बी.लिब.च्या मुलांसाठी

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं. तीन वर्षांपूर्वी आम्ही दाखल रजिस्टर आणि तालिका-कार्डं सोडून कोहा या ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीवर आलो. तेव्हापासून उन्हाळ्यात बी.लिब.ची (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीची) एक-दोन मुलं प्रात्यक्षिकासाठी माझ्याकडे येतात. ‘मेटाडेटा म्हणजे डेटाविषयीचा डेटा’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण एखादं उदाहरण द्या म्हटलं की गप्प. त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

कोहा मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

रजिस्टरात एका पुस्तकाच्या पाच प्रती आल्या की आम्ही पाच ओळी लिहायचो. कोहात पुस्तकाची नोंद एकच आणि तिच्याखाली पाच प्रती, प्रत्येकीचा बारकोड निराळा. पुस्तकांचा तक्ता आणि प्रतींचा तक्ता बिब्लिओनंबर या एका आकड्याने जोडलेले. हे पडद्यावर दाखवलं की रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय, ते मुलांना पाच मिनिटांत कळतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती लेखकांच्या नावांची प्राधिकृत नोंद, म्हणजे एका लेखकाची सगळी नावं एकत्र बांधणारी नोंद. कवितासंग्रहावर कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच. आम्ही कुसुमाग्रज हे मुख्य नाव धरलं आणि शिरवाडकर हे नाव प्राधिकृत नोंदीच्या ४०० क्षेत्रात घातलं. (कोहातल्या नोंदी मार्क नावाच्या ठरलेल्या साच्यात असतात; त्यातल्या प्रत्येक रकान्याला क्षेत्र म्हणतात आणि त्याला आकडा असतो.) पुस्तकाच्या नोंदीतल्या १०० या लेखकाच्या क्षेत्रात, उपक्षेत्र ९ मध्ये, त्या प्राधिकृत नोंदीचा क्रमांक बसतो. म्हणजे नाव एकदाच जपायचं. तरीही ‘शिरवाडकर’ टाकून कविता सापडेनात. पर्यायी नावं शोधात धरायची सेटिंग मुळात बंद असते. ती चालू करून सगळ्या नोंदी नव्याने इंडेक्स केल्यावर (शोधाची सूची पुन्हा बनवल्यावर) सापडल्या. यात माझे दोन दिवस गेले, तुमचे जाऊ नयेत.

दुसरी जागा सालाची. जुन्या पुस्तकावर ‘शके १८३२’ छापलेलं असतं. एका विद्यार्थ्याने ००८ क्षेत्रात तेच १८३२ टाकलं आणि पुस्तक यादीत ७८ वर्षं मागे गेलं. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या अखेरच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९. म्हणजे हे पुस्तक १९१०-११ चं. छापलेलं साल २६४ या प्रकाशनाच्या क्षेत्रात जसंच्या तसं ठेवायचं, हिशेबाचं ००८ मध्ये. दोन्ही लागतात: एक पुस्तकाशी प्रामाणिक, दुसरं शोधासाठी.

नवख्याला मार्कचा फॉर्म धडकी भरवतो. शून्य ते नऊ असे टॅब आणि प्रत्येकात ढीगभर रकाने. मी आमच्यापुरता वीस-बावीस क्षेत्रांचा आराखडा करून घेतला. तुमच्या ग्रंथपालांना तसाच करायला सांगा, पण सुट्टीत एकदा तरी पूर्ण फॉर्म उघडून बघा.

रिपोर्ट विभागात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लिहिता येतं, आणि तिथे फक्त सिलेक्ट ही माहिती काढायची आज्ञा चालते. वाचता येतं, खोडता येत नाही, त्यामुळे मी मुलांना बिनघोर बसवते. यंदा एका मुलीने दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढली. त्यात एक कादंबरी होती, जी वाचक माझ्याकडे मागतात आणि ‘नाही’ ऐकून परत जातात. तिच्या शीर्षकात ‘दुसऱ्या’ शब्द होता. आम्ही शोधताना ऱ टाइप करत होतो आणि नोंदीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण होती. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. पुस्तक कपाटात, जागच्या जागी होतं. तिने त्याच दुपारी नोंद दुरुस्त केली आणि ‘ऱ्या’ असलेली सगळी शीर्षकं तपासायला घेतली.