जुनी शेड की नवा फ्लोअर?

शूटिंगसाठी कारखान्याची जुनी शेड घ्यावी की नवा फ्लोअर, म्हणजे स्टुडिओचा बंदिस्त हॉल, बांधावा? इंग्लंडमधल्या लीव्हस्डेनच्या विमान कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो ही लढाऊ विमानं बनत. 1990 च्या दशकात तिथेच स्टुडिओ उभा राहिला. विमानाचे पंख फिरवायला मधे खांब नसलेली उंच जागा लागते, सेटलाही तीच. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेड मात्र मशिनसाठी बांधलेल्या, त्यामुळे आधी टेप काढा. कैचीखाली (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याखाली) 9 मीटर मिळत नसतील तर मोठ्या सेटसाठी पुढे बोलूच नका.

उंची आहे? मग खरा वैरी पाऊस. जुलैत पत्र्यावर सर धडकली की सिंक साउंड, म्हणजे शूटिंगवेळीच रेकॉर्ड होणारा आवाज, संपला. पत्र्याखाली 100 मिमी रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) आणि 12 मिमी सिमेंट बोर्ड लावलं, तर चौरस मीटरला साधारण 22 किलो वाढतात. हजार चौरस मीटरला 22 टन! जुन्या कैच्या एवढ्यासाठी नसतात, त्यात लाइट टांगायचा ग्रिड वेगळाच. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट आधी, रंगरंगोटी नंतर. ग्रिडला स्वतःचे खांब देणं उत्तम. छत अ‍ॅस्बेस्टॉसचं असेल तर पत्रे फोडू नका. ओले करून अखंड उतरवा. तेल मुरलेल्या कोब्यावर इपॉक्सीचा लेप टिकत नाही, वरचा थर खरवडावाच लागतो.

नव्या बांधकामात ही कटकट नाही: दुहेरी भिंत, रुंद डक्टमधून संथ वाहणारा एसी, जनरेटर लांब. पण परवानग्या आणि पायलिंगमध्ये (पायाचे खांब जमिनीत खोल घालण्यात) वेळ जातो. जाहिराती आणि डबिंग होणाऱ्या मालिकांना शेड पुरे. थेट आवाज हवा असेल तर नवाच बांधा.