बटरकप ओळखायला घेतलेलं दहापट भिंग

इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये मे महिन्यात कुरणं बटरकप नावाच्या पिवळ्या रानफुलांनी भरून जातात आणि लांबून सगळी फुलं एकाच जातीची वाटतात. त्यांतल्या जाती वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून मी हे घडीचं भिंग घेतलं. दहापट मोठं दाखवणारं, २१ मिलिमीटर व्यासाचं, तीन काचा जोडून बनवलेलं. त्यामुळे कडेला रंगीत झालर दिसत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. इथल्या नेहमीच्या तीन बटरकपांसाठी भिंग घ्यायलाच हवं असं नाही. फूल उलटं करून बघा. पाकळ्यांखालची हिरवी निदलं देठाकडे खाली दुमडलेली असतील तर तो बहुधा रॅननक्युलस बल्बोसस (रॅननक्युलस हे बटरकपांचं शास्त्रीय नाव, पुढचा शब्द जातीचा). त्याच्या खोडाचा फुगीर गड्डा मातीलगत बोटाला लागतो. निदलं पाकळ्यांना धरून असतील तर फुलाचा देठ बोटांत फिरवा. गोल, बिनखाचेचा असेल तर ॲक्रिस. खाचा लागल्या तर रेपेन्स, जो जमिनीवर धावते फुटवे सोडत पसरतो. पानं बघायची ती बुडातली. ॲक्रिसचं पान खोल चिरलेलं असतं, पण त्याच्या मधल्या भागाला स्वतःचा देठ नसतो. बाकी दोघांत तो असतो.

भिंगाची खरी किंमत कळते ती समुद्राकाठच्या ओलसर कुरणात. तिथे सार्डोअस ही चौथी जात भेटते आणि त्याचीही निदलं खालीच दुमडलेली असतात. गड्डा त्याला नसतो, पण तेवढ्यासाठी माती उकरणं मला पटत नाही. भिंगातून पिकत आलेलं बी बघा: कडेच्या आत बारीक पुटकुळ्यांची रांग दिसली की तो सार्डोअस. बल्बोससचं बी गुळगुळीत. कोवळ्या देठावरच्या पुसट खाचाही भिंगाखाली स्वच्छ दिसतात.

आणि पाकळीच्या बुडाशी मधावरचं ते इवलंसं झाकण! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा तिला कलौंजी आणि आपली मोरवेलही याच कुळातली असल्याचं सांगितलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

भिंग डोळ्याला अगदी जवळ धरायचं आणि फूल त्याच्याकडे आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर. लांब धरून काही दिसत नाही. वीसपटीच्या मोहात पडू नका. त्यात अंधारून येतं आणि हात जरा हलला की फूल हरवतं. फुलं हाताळल्यावर हात धुवा. चुरडलेल्या बटरकपाचा रस झोंबतो, कातडीवर फोडही येतात.

घडीचा स्क्रू सैल होतो, तो अधूनमधून चष्म्याच्या पेचकसाने आवळावा लागतो. सोबतची दोरी अगदीच कच्ची होती, मी बदलली. म्हणून पाचपैकी चार तारे. घ्यायचं असेल तर वसंतातच घ्या, कारण बल्बोससचा बहर जूनमध्ये ओसरतो.