गॅस गिझर: सेन्सर ‘डायरेक्ट’, बिल सर्किटचं

‘सर्किट गेलंय, बदलावं लागंल.’ थंडीत गॅस गिझर पेटेनासा झाला की लातूर-बीडकडं मेकॅनिकचं हे वाक्य ठरलेलं. लातुरातल्या एका घरात या वाक्याचे १,८०० रुपये घेतले. नंतर कव्हर काढून पाहिलं तर सर्किटचा, म्हणजे ठिणगी आणि गॅसचा व्हॉल्व्ह चालवणारा, डबा जुनाच, वरची धूळसुद्धा हललेली नाही. गरम पाण्याच्या नळीवरच्या सेन्सरच्या दोन्ही वायरी मात्र कापून, एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. गिझर झकास पेटत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

हा सेन्सर म्हणजे रुपयाच्या नाण्याहून लहान टिकली, दोन स्क्रूंनी नळीला चिकटवलेली. आत दोन धातूंची चकती असते. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की ती टक्‌कन उलटी होते, वीज तुटते आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो. किती अंशाला, ते तिच्या अंगावरच छापलेलं असतं. ७५, ८५ वगैरे. निवली की पुन्हा आपोआप जोडते. त्यामुळं गिझर पाच मिनिटं चालून बंद पडतो आणि थोड्या वेळानं परत पेटतो, तेव्हा बहुतेक वेळा सेन्सर बिघडलेला नसतो, तो त्याचं काम करत असतो. दोष बोअरच्या जड पाण्याचा. तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार धरतो, धार बारीक होते आणि तेवढ्याच जाळावर कमी पाणी कढायला लागतं. अशात सेन्सर डायरेक्ट केला, म्हणजे वायरी पिळून मधून वगळला, तर शॉवरमधून वाफ आणि उकळतं पाणी अंगावर येतं. खाली लहान मूल असलं तर विचारच करायला नको.

मेकॅनिकला बोलवण्याआधी दोन्ही मोठे सेल नवे घाला. नळ सोडल्यावर टकटक ठिणगी येत नसेल तर पाण्याचा दाब बघा. वरची टाकी तळाला गेली असली तरी गिझर पेटत नाही. मग सिलेंडर बंद करा, सेल काढा, सेन्सरच्या दोन्ही क्लिपा उपसा आणि मल्टिमीटर बीपवर लावा, म्हणजे आतून जोड असेल तर तो वाजेल. थंड सेन्सर वाजला म्हणजे गिझर न पेटण्याचं कारण तो नाही. नाही वाजला तर तोच गेलाय, आणि तो शंभर-दीडशेच्या आसपास मिळतो.

नवा घेताना अंश तेच हवेत आणि तो थंड असताना जोडलेला राहणारा हवा. दिसायला हुबेहूब पण उलट्या कामाचेही मिळतात. ‘सारखा बंद पडू नये’ म्हणून जास्त अंशाचा बसवून देणं हीसुद्धा फसवणूकच. नळी खरडून स्वच्छ करा, हीट पेस्ट (नळीचा ताप सेन्सरपर्यंत पोचवणारा लेप) लावा, स्क्रू घट्ट आवळा. मधे फट राहिली तर सेन्सरला ताप उशिरा कळतो. कॉइल लिंबूसत्वाच्या पाण्यानं धुवून घ्या. काहीजण संडासचं अ‍ॅसिड ओततात, त्यानं क्षाराबरोबर तांबंही खाल्लं जातं.

ज्योत पिवळी, काजळी धरणारी असली तर गिझर वापरूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा.

पैसे देण्याआधी कव्हर उघडंच ठेवायला सांगा आणि जुना डबा हातात मागा. ‘कंपनीत जमा करावा लागतो’ असं उत्तर आलं तर नळीवरच्या टिकलीकडं बघा: दोन क्लिपा, दोन वायरी, कुठंही टेप नाही, असंच दिसायला हवं.